चुकलेली एक्झिट

ग्रेट गायक कोण ते तुम्ही ठरवत बसा, मी आमच्या काकांचा निकाल सांगते. काका रिटायर्ड डॉक्टर, शास्त्रीय संगीताचे वेडे. जीपीएसवर त्यांचा विश्वास नाही, त्यामुळे गाडीत तो बंद; गाडी मी चालवणार आणि हायवेवरून उतरायची प्रत्येक एक्झिट काका सांगणार. परवा अर्विंगला घरी परतताना मी माझा लाडका कंट्री सिंगर लावला, ट्रक आणि गावाकडच्या रस्त्यांची गाणी गाणारा.

“हा ग्रेट?” काका म्हणाले. “तीन सूर आणि एक ट्रक.”

मग गप्पच झाले. दोन्हीकडे पिवळं गवत, उतरतं ऊन आणि त्या सिंगरचा तो सावकाश आवाज. आपण कुठे चाललोय याचं मलाही भान नव्हतं. गाणी संपली तेव्हा समोर भलतंच गाव होतं.

“काका, आपली एक्झिट?”

“मघाशीच गेली,” काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मैफलीत मध्येच कसं बोलणार?”