नाचाला पुरेल अशी तुळई

तुळईचं निघालं म्हणून आमचे रंगोजीमामा आठवले. इंग्रजांच्या सरकारी बांधकामात ओव्हरसियर होते. कुंभकोणमला आमच्या घरची मधली भिंत काढायची ठरली, तेव्हा तिच्या जागी माडी पेलायला घालायच्या तुळईचं माप त्यांनीच काढलं.

मामांनी आईला विचारलं, "माडीवर वजन कसलं?"

"एकादशीला भजनाला माणसं बसतात."

"बसतात की नाचतात?"

"विठ्ठलापुढं कोण बसून राहील, दादा?"

मामांनी केलेला हिशेब खोडला. म्हणाले, "गोऱ्या साहेबाच्या पुस्तकात माणसं नाचत नाहीत." आणि दुप्पट जाड सागाची तुळई घालायला लावली.

पहिल्या एकादशीला माडी दणाणत होती. मामा खाली, बरोबर तुळईखाली, कॉफी पीत बसलेले.

आई म्हणाली, "वर चल की."

"वरच्यांचा भार विठ्ठलावर. माप मी दिलंय, माझी जागा इथंच."