गोठलेला वाटाणा आणि लाल सायकल

...आणि वर तो पोलीस मलाच विचारतो, "हा वाटाणा नासणार कधी?" आता काय सांगायचं? उणे वीस अंशात गारगोटी झालेला वाटाणा! मी म्हटलं, साहेब, भाजीच आहे, आज ना उद्या नासेलच की. तो म्हणाला, "मग रात्री दहापर्यंत थांबायला हरकत नाही," आणि मला बोटाने ट्रकतळाची वाट दाखवली.

हसू नका. बरं, हसा, माझी लायकीच ती आहे...

तुम्हाला सांगतो, तेरा वर्षं मी हॉलंडहून सॅलडचा ताजा पाला भरून पोलंडला आणतोय. वाटेत जर्मनी लागतं, तिथे रविवारी मोठ्या ट्रकना बंदी, मध्यरात्रीपासून रात्री दहापर्यंत चाक हलवायचं नाही. ताजं दूध, ताजी मासळी, ताजी भाजी, असल्या मालाला तेवढी सूट. म्हणजे बाकीचे ड्रायव्हर तळावर चड्ड्या वाळत घालून बसलेत आणि मी एकटा मोकळ्या रस्त्याने राजासारखा चाललोय! का? तर माझा माल नाशवंत!

आणि नुसता गेलो असतो तर ठीक होतं हो. सीमेच्या अलीकडे वीस किलोमीटरवर आपल्या पोलिश ड्रायव्हरांचा नेहमीचा तळ आहे, तिथे झेनोनकाका घडीच्या खुर्चीत बसून छोट्या शेगडीवर अंडी परततात, लोखंडी नटबोल्ट वाहतात बिचारे. मी काय करायचो, तळातून मुद्दाम हळू गाडी काढायची, काच खाली करायची, आणि ओरडायचं, "काका, बघा हं, बोल्ट सडतील!" मग एक लांबलचक हॉर्न. सकाळी सात वाजता! दर रविवारी! आता आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात माझ्या.

तर त्या मे महिन्यात माझ्या भाचीचा, यागोदाचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता, चर्चमधला मोठा सोहळा. मी तिचा मामाही आणि धर्मपिताही, म्हणजे सायकल मीच द्यायची, आमच्याकडे तशी रीतच आहे. सीमेवरच्या नदीचा पूल ओलांडला की पोलंडातलं स्लुबित्से, तिथे रविवारी अकराची प्रार्थना. माझी बहीण हालिना आठवडाभर फोनवर, "दादा, शनिवारीच ये. मागच्या दोन वाढदिवसांना नव्हतास, ती पोर काही बोलत नाही, पण दारात उभी राहते." मी म्हटलं, अगं, रविवारची बंदी इतरांना, मला नाही. माझा माल नाशवंत!

आणि शुक्रवारी आमच्या ऑफिसातल्या बाईंनी पाल्याऐवजी वाटाणा दिला. तेरा वर्षांचा ड्रायव्हर मी, एक प्रश्न विचारावा की नाही? ताजा की गोठलेला? छे! वाटाणा म्हणजे भाजी, भाजी म्हणजे सूट, चला! बर्फाच्या गाडीत बसून मी ताज्या मालाच्या ऐटीत निघालो आणि सकाळी आठ वाजता पकडला गेलो, नेमका कुठे? त्या तळाच्या तोंडाशी. सगळा तळ बघतोय. पोलीस पुढे, मी मागे, आणि केबिनमध्ये माझ्या मागच्या बिछान्यावर लाल सायकल, मुठींना पांढऱ्या फिती.

मला वाटलं, आता हे लोक माझी सालटी काढणार. कसलं काय हो! झेनोनकाकांनी मला चहा दिला आणि विचारलं, लेशेक, सायकल कुणाची? मी सगळं सांगितलं. हालिनाला फोन कर म्हणाले. कुठल्या तोंडाने करू? टॅक्सी? रविवारी सकाळी, त्या रानात? काका उठले, सायकल खाली घेतली, हवा बघितली, सीट जाईल तेवढी वर केली. तळामागून गावाकडे रस्ता जातो म्हणाले, तिथून पूल वीस किलोमीटर. मी म्हटलं, काका, ही नऊ वर्षांच्या पोरीची सायकल आहे, आणि माझं वजन एकशे आठ किलो! ते म्हणाले, मग हळू जा. स्वतःचा इस्त्रीचा पांढरा शर्ट दिला. गाडीच्या गारव्याकडे मी बघतो म्हणाले.

आणि मग, माझ्या शर्टाची बटणं लावता लावता, शांतपणे बोलले. "गेल्या नोव्हेंबरात मी हात केला होता तुला. आठवतं?"

आठवत होतं. मला वाटलं होतं, काका आज गमतीत टाटा करतायत. मी दोनदा हॉर्न वाजवला होता.

"टाटा नव्हता तो. बायकोचं सोमवारी सकाळी ऑपरेशन होतं. म्हटलं, पुलापलीकडे सोडशील."

मी विचारलं, आता कशी आहे काकू? "बरी आहे. मी उशिरा पोचलो ते अजून बोलून दाखवते."

शरमेने जीव नकोसा झाला. सायकलवर चढलो, गुडघे हनुवटीला लागतायत, फिती फडफडतायत, दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा. म्हटलं, वाजवा आता हॉर्न, सगळे मिळून वाजवा, माझं देणं फिटू दे! एकही हॉर्न वाजला नाही. वळणापर्यंत सोबत चालत आलेले काका म्हणाले, "हळू जा. ट्रकमध्ये माणसं झोपलीत."

पोचलो. अकराला पाच मिनिटं कमी होती. शर्टाला साखळीचं काळं वंगण, एक बटण पुलावरच गेलेलं. यागोदा चर्चच्या दारात उभी होती, पांढऱ्या झग्यात. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग वाकलेल्या सीटकडे. "मामा, ही जुनी आहे का?" म्हटलं, बाळा, नवीन होती, फक्त एकदाच वापरलीय. तिने एका हाताने सायकल धरली आणि दुसऱ्या हाताने मला, आणि मी, एवढा एकशे आठ किलोचा माणूस, तिथेच दारात ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, भक्ती!

रात्री मेव्हण्याने तळावर सोडलं. काका गाडीपाशी खुर्ची टाकून बसले होते, वाटाणा जसाच्या तसा.

आता पुन्हा पाला भरतो. रविवारी त्या तळातून हळूच जातो, हॉर्नला हात लावत नाही. काच खाली करतो आणि विचारतो, कुणाला पुलापलीकडे यायचंय का? अगदी अजिजीने विचारतो हो, दर रविवारी! कुणी येत नाही. झेनोनकाका तव्यावरून मानही वर करत नाहीत. म्हणतात, "तू हो पुढे, बाबा. तुझा माल नाशवंत."