योहानिसबेअरची खरडछाटणी

माहेर-सासर दोन्ही तासगाव भागातलं, दोन्हीकडं द्राक्षबाग, चाळीस वर्षं माज्या हातात कात्री हुती हे आधी लिवून घ्या, कारण हितं जर्मनीत एर्लांगेनला माझी सून चारचौघांत म्हणती, आईंना बागेतलं काही कळत नाही. सून पुण्याची, मोठ्या कंपनीत हाय.

काय सांगू तुम्हाला, तिच्या भाड्याच्या गार्टनमधी, म्हंजे बागेत, काळ्या योहानिसबेअरची चार झुडपं, वाटाण्याएवढी काळी आंबट फळं, आन् एकेकाचं नाव तिला लेकरागत पाठ. टिटानिया जोरात वाढती, पानावर भुरी येत न्हाई. ओमेटा उशिरा फुलती म्हणून गारठ्यातनं वाचती. बेन सारेक बुटकी, कुंडीतबी चालती. सिल्वरगीटर तेवढी गोड, बाकीच्यांनी तोंड वाकडं हुतंय. त्याचा जाम, खोकल्याला रस, पानांचा चहा, समदं तीच करणार. एकदा आमसुलं संपली म्हणून मी त्याचं सार केलं, तर म्हणली, आई, वास वेगळाच येतोय. पोरगा दोन वाट्या प्याला, ते न्हाई सांगत कुणाला.

तर गेल्या वर्षी एप्रिलात दोघं ऑफिसला गेल्यावर मी गार्टनमधी गेले. झुडपं नुसती माजलेली. एप्रिल म्हणजे आमच्यात खरडछाटणी, जुनी काडी खरडायची, मग नवी फुटती. बारीक हिरवट फुलं हुती, मला वाटलं पालवीच. चारीबी झुडपं वीतभर ठिवून साफ केली, आन् खरं सांगते, लई दिवसांनी बरं वाटलं मला.

संध्याकाळी ती फाटकातच उभी राह्यली. म्हणली, आई, याला गेल्या वर्षीच्या काडीवर फळ येतं, मला विचारलंत का तुम्ही? मी म्हणलं, तू मला छाटणी शिकवणार? ती म्हणली, गार्टनची चावी द्या. दिली फेकून. पोरगा आल्झो, आल्झो, म्हंजे आपलं तर, तर करत मोबाईलमधी बघत बसला.

त्या उन्हाळ्यात एक फळ न्हाई. नात जर्मनमधी जाम मागायची, आन् सून माज्याकडं बघायची. दुसऱ्या उन्हाळ्याला, म्हणजे यंदा, त्याच नव्या काड्यांवर घोसच्या घोस लागले. म्हणली का ती, आई, तुमच्या छाटणीनं आले हे? बादली घिऊन एकटीच गेली.

आल्यावर माज्याफुडं त्या फळांची एक वाटी ठिवली. ती वर गेल्यावर मी खाल्ली. देव तिला सुखात ठिवू दे. चूक माझीच हुती, विचारायला पायजे हुतं मी. हे लिवा तुम्ही. फक्त मी हाय तवर तिला वाचायला दिऊ नका.