अमरावतीला गेलेली तांडेलांची हेमांगी

मंडळी, पुढे सरका, मागच्यांना जागा होऊ द्या. आणि बसता बसता मला एक सांगा – शिकायला लांब गेलेल्या लेकराला घरची आठवण आली, ती इतकी आली की पुस्तकातलं अक्षर दिसेना, तर तो त्या लेकराचा कच्चेपणा का?

मान डोलावू नका, उत्तर द्या! आधी कथा हवी? बरं, मग ऐका.

देवगडच्या बाजूला समुद्राकाठी एक वाडी. तिथल्या तांडेलांची मुलगी हेमांगी. बाप होडीवर, आई मंदाबाई मासळी घेऊन बाजारात. घराच्या पायरीवर बसलं की समोर समुद्र. पोरगी हुशार, बारावीला वाडीत पहिली. फार्मसीला नंबर लागला – कुठं? अमरावतीला! म्हणजे महाराष्ट्राच्या या टोकाकडून त्या टोकाला. आईनं सुके बांगडे बांधून दिले, बापानं बसमध्ये जागा धरून दिली, आणि निघाली.

हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्या दिवशी वऱ्हाडी ठेचा वाढला. हेमांगीच्या डोळ्यांतून धारा. आचाऱ्याला वाटलं, घरची आठवण आली बिचारीला. म्हणून त्यानं पोळी जास्त वाढली. दोन महिन्यांनी ती खरोखर आठवणीनं रडत होती, तर आचारी म्हणतो, आज ठेचा जरा तिखट झाला वाटतं. (हसा, हसा. हसून झालं की पुढचं सांगतो.)

वर्गात सगळं इंग्रजीत. खोलीतल्या मुली वऱ्हाडी बोलायच्या. हिनं एकदा आपल्या मालवणीत काही विचारलं, त्या हसल्या. वाईट मनानं नाही हो, गंमत वाटली म्हणून. पण त्या दिवसापासून ही बोलायचीच कमी झाली. संध्याकाळी आईला फोन करायची आणि म्हणायची, आई, जरा फोन पायरीवर धर. मंदाबाई फोन समुद्राकडे करून उभी राहायची. इकडे ही गच्चीवर कान लावून लाटा ऐकायची.

पहिली चाचणी झाली. चार विषयांत नापास. आईनं विचारलं, पेपर बरे गेले ना? ही म्हणाली, बरे गेले. मेसचं जेवण? बरं आहे. मैत्रिणी? चांगल्या आहेत. मंडळी, एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी त्याच्याशी जुळवून बोलावं लागतं. दिवाळीला घरी गेली नाही. अभ्यास आहे म्हणाली. खरं कारण – आई तोंड बघेल आणि ओळखेल. मग वर्गाला जाणं सुटलं. दुपारी बाराला उठायचं, भिंतीकडे बघत पडायचं. आणि एक दिवस कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहून ती सही घ्यायला गेली.

सही करायची होती ढोले मॅडमनी. निर्मला ढोले, रसायनशास्त्राच्या. वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे. प्रयोगशाळेत बसल्या होत्या, पुढ्यात वह्यांचा ढीग. अर्ज वाचला, पेन उचललं, आणि तसंच खाली ठेवलं. स्टूल पुढे सरकवलं.

"बस बेटा. काऊन जायचं आहे तुले?"

हेमांगीनं पाठ करून आणलेलं सांगितलं – तब्येत, हवामान. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे अर्जात आहेच. तुझ्या घराचं सांग."

आणि पोरगी बोलायला लागली. प्रमाण मराठीत सुरुवात झाली, दुसऱ्या वाक्याला मालवणी आली. पायरी, होडी, आईच्या हाताचा वास, बाप समुद्रावरून यायला उशीर झाला की घरात कुणी जेवत नाही ते. तासभर बोलली. मॅडमना त्यातलं अर्धं समजलं नाही. पण त्यांनी एकदाही थांबवलं नाही.

शेवटी मॅडमनी आपलं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी प्रवीण नावाचा मुलगा असाच अर्ज घेऊन आला होता. त्या दिवशी मॅडमना मीटिंगची घाई.

"मी सही केली अन् पेन बंद केलं. त्याले एक शब्द विचारला नाही. नंतर फोन लावला तं नंबर बदललेला. पत्र टाकलं, उत्तर नाही. अजून हजेरी घेताना त्याचं नाव तोंडाशी येते."

मंडळी, मास्तरांनाही आठवण येते बरं का! ती पगारपत्रकात दिसत नाही.

मग मॅडमनी ठरवून दिलं. आठ दिवस घरी जा. आईला खरं सांग. कॉलेजमध्ये मंगळवारी समुपदेशक बाई येतात, आल्यावर त्यांना भेट, मी सोबत येते. परत आलीस तर चार वाजता इथं प्रयोगशाळेत बसू, धडा आधी मराठीत समजून घेऊ, मग इंग्रजीत लिहू. आणि तरी जायचंच असेल, तर अर्ज आण, मी सही करीन, तुझ्यावर रागावणार नाही.

हेमांगी घरी आली. मंदाबाई पायरीवर मासे साफ करत होती. पोरीनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं – नापास झाले, वर्गाला जात नाही, रोज खोटं बोलले. आणि ओरडा ऐकायला मान खाली घालून उभी राहिली.

मंदाबाईनं हात धुतले. पदराला पुसले. म्हणाली, "मी पण खोटाच बोललंय तुका. बरी आसंय, बरी आसंय म्हणून सांगलंय. तू गेल्यापासून माझो जीव खंयच लागना नाय. तुझो फोन बंद झालो तरी मी थंयच उभी ऱ्हवतंय."

दोन महिने, तीन महिने, दोघी एकमेकींना 'बरं आहे' सांगत होत्या! या टोकाला एक रडत होती, त्या टोकाला दुसरी. पेटीवाले, जरा थांबा, हात आवरा. हे नुसतं ऐकू द्या.

आठव्या दिवशी हेमांगी स्वतःच म्हणाली, जाते. आईनं थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. नुसतं डोक्यावरून हात फिरवला.

मग काय, पहिली आली? नाही हो. कथा सांगतोय, जाहिरात नाही करत! दोन विषय राहिले, पुढच्या खेपेला सुटले. चारच्या अभ्यासाला आधी ती एकटी होती, मग खोलीतल्या दोघी आल्या, वर्षअखेर अकरा जणी. मंगळवारी समुपदेशक बाईंकडे जायची, रडायची, हलकी होऊन यायची. आठवण गेली का? नाही गेली. चार वर्षं रोज आली. फक्त आता ती आठवण आली की तोंडानं म्हणायची, मला आठवण येते आहे. आणि पुस्तक उघडायची. आज ती रत्नागिरीच्या दवाखान्यात औषधं देते, आणि औषध देताना म्हाताऱ्यांना विचारते, घरी कोण आहे तुमच्या.

ढोले मॅडमना प्रवीण सापडला नाही. अजून नाही.

आता माझा प्रश्न. देवासाठी जीव कासावीस झाला तर आपण त्याला भक्ती म्हणतो, त्यासाठी टाळ कुटतो. आणि आईसाठी कासावीस झालेल्या पोराला म्हणतो, हळवं आहे, शिकणार कसं? अरे, ज्याला कुणाची ओढ नाही तो देवाकडे तरी कुठून पोचणार!

तुमची पोरं लातूरला आहेत, पुण्याला आहेत. फोन करता, आणि काय विचारता? मार्क. माझा धाकटा नाशिकला आहे. मीही तेच विचारतो. ही कथा गावोगाव सांगतो मी, माणसं डोळे पुसतात. पण 'बाळा, तुझ्याविना घर खायला उठतं' हे वाक्य मला अजून त्याला म्हणता आलेलं नाही. तोंडाशी येतं, आणि मी विचारतो, हजेरी भरली का?

आज म्हणणार आहे. तुम्हीही म्हणा.

टाळ हलके धरा, मंडळी. ज्याला ज्याची आठवण येते आहे, त्यानं आधी ते नाव मनात घ्यावं. घ्या, लाजू नका. देव थांबेल तेवढा. मग त्याचं नाव घेऊ.