खाल्ल्या मिठाला

सलूनवाला : म्हणजे हवा खायला नाही आणलंत मला.

एक्सरेवाला : हवाच खायला आणलंय. दोन गोष्टी बोलायच्या आहेत, त्या तोंडी लावायला.

सलूनवाला : तरीच! बावीस वर्षं आपण साडू आहोत, एकदा तरी मला रानात फिरायला बोलावलंत? नाही. आज सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी डबा घेऊन दारात हजर. दोघी बहिणींचा कट आहे हा. माझी धाकटी रडली असणार, तुमची मोठी ओरडली असणार, आणि निघाली स्वारी. साडू म्हणून आलात की शिपाई म्हणून?

एक्सरेवाला : साडू म्हणून. बसा त्या ओंडक्यावर. अंडं घ्या.

सलूनवाला : मीठ?

एक्सरेवाला : राहिलं.

सलूनवाला : उकडलेली अंडी आणि मीठ नाही! माणसाच्या पोटातली टाचणी दिसते तुम्हाला, आणि डब्यात मीठ नाही हे दिसलं नाही?

एक्सरेवाला : हात दाखवा.

सलूनवाला : कुठला?

एक्सरेवाला : खिशात आहे तो.

सलूनवाला : थंडी वाजतेय त्याला.

एक्सरेवाला : तुमच्या टोपीतून घाम गळतोय. एकट्या उजव्या हाताला थंडी? काढा ती टोपी आधी.

सलूनवाला : टोपी राहू द्या. टोपीचं काही बोलू नका.

एक्सरेवाला : बरं. मग दाढ्यांचं बोलतो.

सलूनवाला : कुणाच्या दाढ्या?

एक्सरेवाला : सगळ्यांच्या. तीन महिन्यांत आपल्या रस्त्यावर एक पुरुष गुळगुळीत उरलेला नाही. पोस्टमनला दाढी. बेकरीवाल्याला दाढी. हेडमास्तरांना परवा मुलांनी ओळखलं नाही, शाळेत उलट त्यांनाच नाव विचारलं.

सलूनवाला : फॅशन आहे.

एक्सरेवाला : काढली कुणी? जो दाढी करायला येतो त्याला तुम्ही सांगता, वाढवा हो, रुबाबदार दिसाल. वस्तरा ड्रॉवरमध्ये आहे तुमचा. कुलपात. धाकटीनं बघितलाय.

सलूनवाला : घरभेदी!

एक्सरेवाला : उद्या अकराची वेळ घेतलीय डॉक्टरांची. हे कार्ड.

सलूनवाला : डॉक्टर काय सांगणार, मला पाठ आहे. वय झालं, आराम करा, दुकान बंद करा. तुम्हाला हे "आराम करा" वाटतं. मी सकाळी उठून दुकानाचं शटर वर करतो तेव्हा मी कुणीतरी असतो हो! वस्तरा सुटला की मी कोण? खुर्चीशेजारी उभा असलेला एक टकल्या. लोक विचारतील, नंबर कितवा तुमचा?

एक्सरेवाला : तपासल्याशिवाय तुम्हीच निकाल लावलात.

सलूनवाला : हात जरा थरथरला, चार केस इकडेतिकडे झाले म्हणून माणूस आजारी होत नाही.

एक्सरेवाला : चार केस नाही. कान.

सलूनवाला : कुणाचा कान?

एक्सरेवाला : माझा. कातरी लागली. ही पट्टी बघा.

सलूनवाला : बघतोय आठ दिवस. झोप येत नाही मला. मोठीला काय सांगितलंत?

एक्सरेवाला : कपाटाचं दार लागलं.

सलूनवाला : सांगायचं होतं खरं.

एक्सरेवाला : मग तिनं मला पुन्हा तुमच्याकडे केस कापायला पाठवलं नसतं. आणि दुसऱ्या कुणी माझ्या भोवऱ्याला हात लावला तर उभे राहतात केस, तुम्हाला माहितीय. पुढच्या महिन्यातही तुमच्याकडेच यायचंय मला. दोन्ही कान घेऊन.

सलूनवाला : तुम्हीच हललात त्या दिवशी! चौतीस वर्षं घसा फोडून सांगतोय, हलू नका, हलू नका. लोक ऐकतच नाहीत.

एक्सरेवाला : माझे पेशंट ऐकतात.

सलूनवाला : तुमचं काय! "श्वास रोखा, हलू नका" म्हणायचं आणि स्वतः भिंतीआड पळायचं. मी समोर उभा राहतो, उघड्या वस्तऱ्यानिशी! आणि वयानं मी तुमच्याहून सहा वर्षांनी मोठा, पण तुम्ही पडलात मोठीचे नवरे, म्हणून घरात शहाणे तुम्ही. उकडलं बुवा. ही काढली टोपी, काय बघायचंय ते बघा!

एक्सरेवाला : हलू नका.

सलूनवाला : मला सांगता?

एक्सरेवाला : साडूभाऊ, खरंच. हलू नका.

सलूनवाला : का? मधमाशी आहे?

एक्सरेवाला : मोठं आहे. मागे. चार पाय.

सलूनवाला : कुत्रं?

एक्सरेवाला : उंच.

सलूनवाला : उंच कुत्रं?

एक्सरेवाला : हरीण. मादी आहे, शिंगं नाहीत. तुमच्या डोक्याकडे बघतेय.

सलूनवाला : माझ्या डोक्याकडे आजवर कुणी बघितलं नाही, ही काय बघतेय? अहो, तुम्ही कुठं निघालात?

एक्सरेवाला : भिंतीआड.

सलूनवाला : रानात कुठली भिंत?

एक्सरेवाला : झाडाआड. सवय आहे. श्वास घ्या… रोखा… हलू नका…

सलूनवाला : अं! अंऽऽ!

एक्सरेवाला : काय झालं? बोला.

सलूनवाला : अंऽऽऽ!

एक्सरेवाला : निळे पडताय! अहो, श्वास का रोखलाय?

सलूनवाला : हुश्श! तुम्ही "सोडा" म्हणायचं विसरलात!

एक्सरेवाला : हळू बोला. चुकलं. सोडा.

सलूनवाला : सोडला आता. ती… साडूभाऊ, टाळूवर काहीतरी ओलं आहे. काथ्याचा ब्रश फिरतोय.

एक्सरेवाला : जीभ आहे. चाटतेय तुम्हाला.

सलूनवाला : चावेल का?

एक्सरेवाला : नाही वाटत. डोळे अर्धे मिटलेत तिचे. पण का चाटतेय?

सलूनवाला : मला काय माहीत!

एक्सरेवाला : हरीण उगाच माणसाजवळ येत नाही.

सलूनवाला : असेल काहीतरी. घाम असेल.

एक्सरेवाला : मला पण घाम आलाय. माझ्याकडे नाही बघितलं.

सलूनवाला : ...मीठ.

एक्सरेवाला : काय?

सलूनवाला : मीठ लावलंय डोक्याला. रोज सकाळी मिठाचं पाणी चोळतो. सव्वा महिना झाला.

एक्सरेवाला : कशाला?

सलूनवाला : केस यायला! तो टॅक्सीवाला नाही का, झाडूसारख्या केसांचा, तो म्हणाला मिठानं मुळं जागी होतात. हसू नका. सलूनवाल्याच्याच डोक्यावर केस नाहीत, लोकांचा विश्वास बसायचा कसा? त्यात हा हात. म्हटलं, निदान वरून तरी दुरुस्ती करावी.

एक्सरेवाला : मुळं जागी झाली?

सलूनवाला : रान जागं झालं, बघताय ना!

एक्सरेवाला : आणि अंड्याला मीठ नाही म्हणून माझ्या नावानं शंख करत होता! डोक्यावर अख्खी बरणी घेऊन!

सलूनवाला : झाडाआडून हसू नका, ती बिचकेल. थांबा… आता उजव्या बाजूला गेली. कानामागे. वा! कानामागे कुणी एवढं नीट करत नाही, सगळे घाईत असतात. आता मागून वर. सावकाश. हात चांगला आहे हिचा.

एक्सरेवाला : जीभ.

सलूनवाला : तेच ते. घाई नाही, दाब सारखा. शिकवून येत नाही हे.

(हरणी चाटत राहते. सलूनवाल्याचे डोळे मिटतात.)

एक्सरेवाला : साडूभाऊ.

सलूनवाला : हं.

एक्सरेवाला : झोपलात का?

सलूनवाला : नाही हो. एक सांगू? चौतीस वर्षांत किती डोकी हाताखालून गेली, हिशेब नाही. पहिलं जावळ काढलेली पोरं आता आपली पोरं घेऊन येतात. सगळ्यांच्या डोक्यावर मी हात ठेवला. माझ्या डोक्यावर शेवटचा हात कुणाचा होता, ते आठवत होतो.

एक्सरेवाला : कुणाचा?

सलूनवाला : आईचा. टक्कल पडायच्या आधी. बरं वाटतंय मला. फार बरं वाटतंय. कुणाला सांगू नका.

एक्सरेवाला : हात बघा तुमचा.

सलूनवाला : कुठला?

एक्सरेवाला : उजवा. कधी बाहेर आला तुम्हाला कळलंच नाही. गुडघ्यावर आहे.

सलूनवाला : मान हलवता येत नाही. काय करतोय तो?

एक्सरेवाला : काहीच नाही.

सलूनवाला : म्हणजे?

एक्सरेवाला : हलत नाहीये.

सलूनवाला : थट्टा करू नका हो. ह्या बाबतीत नको.

एक्सरेवाला : आयुष्यभर हललेले फोटो बाजूला काढतोय मी. मला कळतं. पानावर थेंब थांबावा तसा थांबलाय.

सलूनवाला : …बोलू नका थोडं. असाच राहू दे.

एक्सरेवाला : मी येऊ का तिथं?

सलूनवाला : तुम्ही? गायीला बघून रस्ता ओलांडणारे?

एक्सरेवाला : येतो. सावकाश येतो.

सलूनवाला : या. ओंडक्याच्या या टोकाला टेका. असं. आता तुमचे गुडघे हलताहेत!

एक्सरेवाला : हलू दे. ती बघतेय माझ्याकडे.

सलूनवाला : पट्टी हुंगतेय. घाबरू नका, मी आहे ना. बाई गं, तो कान सोड हां, आधीच एकदा कापलाय मी.

एक्सरेवाला : नाक गार आहे तिचं. मला वाटलं गरम असेल.

सलूनवाला : बघा. भिंतीआड राहिला असतात तर कळलं असतं?

एक्सरेवाला : निघाली.

सलूनवाला : निघाली? अहो, आरसा न दाखवताच!

एक्सरेवाला : मी बघतो ना. वळा. लख्ख आहे. एक दाणा शिल्लक नाही.

सलूनवाला : गेली. वळून पण बघितलं नाही. खाल्ल्या मिठाला जागली नाही म्हणायची.

एक्सरेवाला : जागली की. हात थांबवून गेली.

सलूनवाला : ...सुरू झाला परत. हा बघा. पिठात माशी पडल्यासारखा.

एक्सरेवाला : दिसतंय.

सलूनवाला : घटकाभर वाटलं, गेलं.

एक्सरेवाला : पण थांबतो, हे कळलं ना? तीन महिने तुम्ही तो खिशात कोंबून ठेवलाय. कधी हलतो, कधी थांबतो, कुणी बघितलंच नाही. हेच उद्या डॉक्टरांना सांगायचं.

सलूनवाला : काय सांगायचं? हरणीनं चाटलं की थांबतो? मला दुसऱ्याच वॉर्डात टाकतील.

एक्सरेवाला : मी साक्षीदार आहे.

सलूनवाला : दोघांना टाकतील.

एक्सरेवाला : येणार की नाही, तेवढं बोला. नाहीतर मिठाची गोष्ट धाकटीला जाईल. टॅक्सीवाल्याला जाईल. बेकरीवाल्याला गेली की पेपरात देण्याची गरज नाही.

सलूनवाला : नीच माणूस आहात तुम्ही.

एक्सरेवाला : मोठीचा नवरा आहे.

सलूनवाला : आणि दुकान बंद करा म्हणाले तर?

एक्सरेवाला : मला माहीत नाही काय म्हणतील. खोटं नाही सांगत. वस्तरा सोडा म्हणतील कदाचित. कातरी ठेवा म्हणतील. गोळ्या देतील. आत्ता काही माहीत नाही. पण अर्ध्या गावाला दाढ्या ठेवायला लावून हात बरा होणार नाही, एवढं माहितीय.

सलूनवाला : भीती वाटते हो मला.

एक्सरेवाला : मला पण वाटते. म्हणून तर डब्यात मीठ राहिलं.

सलूनवाला : …अकरा वाजता?

एक्सरेवाला : अकरा. आधी मानेचा फोटो मागतील बहुतेक. तो मीच काढणार.

सलूनवाला : आणि हात हलला तर?

एक्सरेवाला : मी धरीन.

सलूनवाला : तुम्ही? तुम्ही तर भिंतीआड.

एक्सरेवाला : बटण दुसरा कुणी दाबेल. शिशाचा एप्रन घालून मी तुमच्यासमोर उभा राहीन. नात्यातल्या माणसाला चालतं तसं.

सलूनवाला : शिशाचा! वजन झेपेल का तुम्हाला?

एक्सरेवाला : बघू.

सलूनवाला : बरं. येतो. पण एक अट आहे.

एक्सरेवाला : मिठाचं कुणाला बोलणार नाही.

सलूनवाला : ते नव्हे. श्वास रोखायला सांगाल ना, तेव्हा "सोडा" म्हणायला विसरू नका.