वास न आलेला शनिवार

हॅलो?… कोण, वेंडा? बरं झालं तूच फोन केलास. नाहीतर मीच तुझ्या दारात येऊन ओरडणार होते.

हो, मिळाली बाटली. प्यायले… अर्धा पेला. उरलेली मोरीत ओतली.

का म्हणजे? गोड आहे! जिभेला चिकटते. पहिला पेला संपायच्या आत दुसरा मागावासा वाटला पाहिजे, तर तिला बिअर म्हणायचं. माझ्या नातीच्या लग्नात असलं सरबत वाढणार तू? आणि सोयरे प्लझेनचे, बिअरच्याच गावचे!

फेस? फेस साबणालाही येतो.

खोटं बोलू नकोस, वेंडा… नाही, ऐक. तू मोडवल्या जवाच्या माल्टचा थोडा लगदा वेगळा काढून उकळलाच नाहीस. कोमट पाण्यात सगळं एकदाच भिजवलंस आणि रंगासाठी ते तपकिरी भाजकं माल्ट मूठमूठ टाकलंस.

कोणी नाही सांगितलं. त्या शनिवारी खाटकाकडून येताना तुझ्या खिडकीखालून गेले मी. खिडक्या सताड उघड्या, वाफच वाफ… आणि वास? भिजल्या गोणपाटाचा. बाबांच्या वेळी लगदा उकळायचा तेव्हा पावाच्या खरपूस कडेचा वास पोस्टापर्यंत जायचा. पाद्री मध्येच प्रवचन आटपायचा.

चव सारखीच लागते म्हणे! तुला ते भाजकं माल्ट विकणाऱ्या दुकानदाराला लागत असेल.

अरे, लाज वाटत नाही? बाबा गेले तेव्हा मातीहून परतल्या पावली काय म्हणालास? "उकळतं भांडं बाईला उचलवत नाही, म्हणून तांब्याची कढई माझी." नेलीस ना? मग उकळ की त्यात!

काय?… मोठ्याने बोल.

कुठला खांदा धरलाय?

…दोन्ही?

कधीपासून?… आणि एवढे दिवस दात विचकत "सगळं झकास" म्हणत होतास? कढई मागीन म्हणून? गाढवा! मोठी बहीण आहे मी, सावकार नाही.

रडू नकोस. मला रडणारे पुरुष आवडत नाहीत.

ऐक. लग्न जूनमध्ये आहे. मे महिना अशुभ म्हणून त्यात कोणी लग्न करत नाही ते बरं, तेवढाच वेळ मिळाला. या शनिवारी नवीन घालायची. साधं फिकं माल्ट आण. तपकिरी दिसलं तर कोंबड्यांना टाकीन. तुझ्या तळघरात गारवा आहे, पिकेल तोवर.

मीच येते… भांडं उचलायचंय कोणाला? आई कधी उचलायची? लांब दांड्याच्या पळीने लगदा काढायची, उकळायची, पळीनेच परत घालायची. दोनदा… बाबा? बाबा पाईप ओढत बाजूला उभे असायचे. तू त्यांच्याकडे बघत बसलास, त्याला मी काय करू!

नको, आभार बिभार नको. माफ केलेलं नाही मी. तिथे माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. तू फक्त जाळ सांभाळ.

आणि वेंडा… खिडक्या उघड्या ठेव. सगळ्या गल्लीला कळू दे, कढई आज कोणाच्या हातात आहे.

ठेव आता.