हलू नका, काका

टेक्निशियन : काका, पुन्हा हललात.

काका : हललो का?

टेक्निशियन : तिसऱ्यांदा. इथं काचेपलीकडे पडद्यावर तुमचा मेंदू पाण्यात पाहिल्यासारखा दिसतोय मला. माझा आवाज नीट येतोय ना आत?

काका : छान येतोय. मान अवघडली असेल हो. वय झालं.

टेक्निशियन : वय काय आजच झालं? पाच वर्षं स्कॅनला येताय, तुमचा एकही परत काढावा लागला नाही. नव्या पोरींना मी सांगते, स्कॅन द्यावा तर आमच्या घड्याळवाल्या काकांनी. एक वेळ मशीन हलेल, काका हलणार नाहीत.

काका : जन्मभर बारीक स्क्रू धरले, ताई. हात हलला की चाक फरशीवर, मग बसा रांगत.

टेक्निशियन : मग आज काय झालं? डोक्यावरचा पिंजरा टोचतोय? थंडी वाजतेय? बाहेर घेऊ का?

काका : नको, नको. बाहेर नका घेऊ.

टेक्निशियन : काका, आवाज येतायत का? मशीनचा सोडून म्हणते मी.

काका : ते येणारच. फुकटचे भाडेकरू, जातील कुठं? पण इथं आत मी त्यांना भीत नाही. इथं कळतं मला, खरं कोण ते.

टेक्निशियन : कसं काय?

काका : तुम्ही बोलायच्या आधी बटण दाबता ना, ते 'टक' वाजतं. त्यांच्याकडे बटण नाही. घरी कुणाचंच टक वाजत नाही, ताई. मग वहिनी खरंच काही बोलली की नाही, ते बघायला मी तिच्या तोंडाकडे टक लावून बसतो. ती चिडते.

टेक्निशियन : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

काका : विचारलं कुणी? घरी एकच प्रश्न, गोळी घेतली का. दादा दाराबाहेरून विचारतो, वहिनी स्वयंपाकघरातून. घेतली म्हटलं की मिटलं. तुम्ही कसं, दर थोड्या वेळानं विचारता, 'काका, ठीक आहात ना?' आणि मी उत्तर देईपर्यंत थांबता. वर्षभर पुरवून पुरवून वापरतो मी ते.

टेक्निशियन : काका, खरं सांगू? ते आम्हाला सगळ्यांनाच विचारावं लागतं. नियम आहे तसा.

काका : ठाऊक आहे मला. वेडा आहे, खुळा नाही.

टेक्निशियन : सकाळी डॉक्टरबाई काय म्हणाल्या तुम्हाला?

काका : म्हणाल्या, तुमच्या मेंदूचे सगळे फोटो आता दुसरीकडच्या डॉक्टरांनाही अभ्यासाला देणार आहोत. असे आवाज ऐकणाऱ्या शेकडो माणसांचे एकत्र ठेवणार. नाव काढून टाकू, चेहरा पुसून टाकू, चालेल ना? मी म्हटलं, खुशाल द्या. नाहीतरी लोक म्हणतातच, याचं डोकं ठिकाणावर नाही. आता खरंच नसेल.

टेक्निशियन : काय हो काका तुम्ही पण!

काका : त्या पण हसल्या. मग म्हणाल्या, सगळ्यांचं आता याच फोटोंवर भागेल, तुम्हाला दरवर्षी त्रास द्यायला नको. आजचा शेवटचा.

टेक्निशियन : अच्छा.

काका : त्रास म्हणाल्या, ताई. मी पंधरा दिवस आधी शर्ट धुऊन ठेवतो.

टेक्निशियन : म्हणून हलताय.

काका : फोटो बिघडला की परत बोलावतात ना? त्या खोकणाऱ्या बाईंना तुम्ही बोलावलं होतं, मी बाकावर बसून ऐकलंय.

टेक्निशियन : तेव्हा बोलावत होतो. आता मुदत संपली, काका. आज संध्याकाळी सगळं पुढे जाणार. पाच वर्षांत काय बदललं, तेच त्यांना बघायचंय. शेवटचाच बिघडला तर आधीच्या चारांचा त्यांना उपयोग नाही. तुम्हाला वगळतील.

काका : आणि बोलावणार नाहीत?

टेक्निशियन : नाही. काहीही झालं तरी नाही. तुम्हाला खोटी आशा नाही लावणार मी.

काका : म्हणजे इथूनही गेलो, आणि तिथूनही.

टेक्निशियन : हो.

काका : ते बाकीचे शेकडो लोक. तेही असेच एकेकटे आत पडून राहिले असतील, नाही?

टेक्निशियन : एकेकटेच. आत दुसऱ्याला जागाच नसते.

काका : मग मलाच कशाला वगळायचं? करा सुरू.

टेक्निशियन : नक्की ना? हे शेवटचं चालू झालं की मला मध्ये बोलता येणार नाही. काही वाटलं तर हातातला रबरी फुगा दाबा.

काका : नाही दाबणार. करा.

(मशीनचा ठोका सुरू होतो. बऱ्याच वेळानं तो थांबतो.)

टेक्निशियन : काका, आला. केसभर हलला नाहीत. इतका सुरेख आलाय, बघत राहावं.

काका : तुम्ही बघितलात ना, झालं तर मग. पुढे कोण बघणार, काय माहीत.

टेक्निशियन : आता बाहेर घेते तुम्हाला. आणि ऐका, स्कॅन नसला म्हणून काय झालं, अधूनमधून येत जा इकडे. दुपारी मी एकटीच असते. चहा घेऊ.

काका : नुसतं यायला मला जमत नाही, ताई. दारावरचा माणूस विचारतो, काय काम आहे? मग मला घाम फुटतो.

टेक्निशियन : त्याला सांगायचं, अमक्या बाईंकडे आलोय. सरळ माझं नाव सांगायचं.

काका : ते मला कुठं माहीत आहे?